निर्मितीवाद 'विरुद्ध' उत्क्रांतीवाद : प्रकल्प संपला, शीर्षक अडलंय

कोरीपाटी
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या सत्राचा संशोधन प्रकल्प गेल्या आठवड्यात लिहून संपला. विषय निर्मितीवाद (सजीव देवाने घडवले असं मानणारा विचार) आणि उत्क्रांती. मी विज्ञानशाखेची नाही, विज्ञानाचा इतिहास शिकतेय. सुरुवातीला वाटलं होतं, सोपं आहे. डाव्या रकान्यात यांचे मुद्दे, उजव्यात त्यांचे, खाली निकाल. तक्ताही आखून ठेवला होता. तो तीनदा फाडावा लागला.

पहिल्यांदा फाडला तो निर्मितीवाद्यांमुळेच. त्यांना एका रकान्यात बसवायला गेले तर आत त्यांचीच जुंपलेली. पृथ्वी सहा ते दहा हजार वर्षांची म्हणणारे वेगळे, बायबलमधला एक 'दिवस' म्हणजे एक युग म्हणणारे वेगळे, आणि पृथ्वी जुनीच आहे पण काही रचना कुणीतरी बुद्ध्या केल्यात म्हणणारे आणखी वेगळे. १९२५ चा टेनेसीतला स्कोप्स खटला बघा. उत्क्रांती शिकवली म्हणून शिक्षकावर खटला, १०० डॉलर दंड. विरोधकांचे पुढारी विल्यम जेनिंग्ज ब्रायन. त्यांना मी डोळे मिटून 'सहा हजार वर्षं' गटात टाकलं होतं. आणि साक्षीत हेच गृहस्थ कबूल करतात की बायबलमधल्या 'उत्पत्ती'चे ते दिवस चोवीस तासांचेच असतील असं नाही!

दुसऱ्यांदा प्रश्नावलीमुळे. पहिलाच प्रश्न होता, 'तुमचा उत्क्रांतीवर विश्वास आहे का? हो / नाही / सांगता येत नाही'. एकांनी तिन्ही चौकोन रिकामे ठेवून समासात लिहिलं, 'गुरुत्वाकर्षणावर आहे का ते आधी विचारा.' दुसऱ्या एका बाईंनी लिहिलं, 'देवावर विश्वास आहे. उत्क्रांती पटते. खूण कुठे करू?' त्या समासातल्या ओळी वाचल्यावर बाकीच्या सगळ्या 'हो' आणि 'नाही'चा अर्थ काय लावायचा तेच कळेना. सगळा गठ्ठा बाद.

तिसऱ्यांदा मार्गदर्शक मॅडमनी. शीर्षक होतं 'निर्मितीवाद विरुद्ध उत्क्रांतीवाद : एक तुलनात्मक अभ्यास'. त्यांनी लाल पेनाने 'विरुद्ध'भोवती गोल काढला, दुसऱ्या 'वाद'खाली दोन रेघा मारल्या आणि 'विचार कर' एवढंच म्हणाल्या.

सोमवारी शीर्षकाचा फॉर्म भरायचाय. तर प्रश्न दोन. शीर्षक काय ठेवू? आणि 'दोन्ही बाजू' नावाचं जे प्रकरण लिहिलंय ते ठेवू की काढू?

तिरकस
शीर्षक : 'ईश्वर, अमीबा आणि अंतर्गत गुण'.
(हलके घ्या. धागा छान आहे.)

मधलीसुट्टी
वाचनखूण साठवली. पुढच्या वर्षी मलाही प्रकल्प आहे. प्रश्नावलीचा किस्सा वाचून घाम फुटला.

मधलामार्ग
प्रकरण काढू नका. तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक येतात, 'एकांगी आहे' असा शेरा पडला की सारवासारव करता करता नाकी नऊ येतात. दोन्ही बाजू सारख्या पानांत मांडा, स्वतःचं मत शेवटच्या परिच्छेदात द्या. मी माझ्या वेळी असंच केलं होतं, विषय वेगळा होता.

निवृत्तमास्तर
मधलामार्ग, पानं मोजून समतोल येत असता तर वाण्याच्या तराजूनेच प्रबंध तपासले असते. समोरच्याचं म्हणणं त्याने मान डोलवावी असं लिहिता आलं, की समतोल झाला. मग त्याला चार पानं लागोत की चाळीस. पण दोन विधानांच्या मागे पुरावा सारखा नसताना पानं सारखी दिली, तर ते वाचणाऱ्याला फसवणं होतं.

कोरीपाटी, एक विचारतो. 'तुलनात्मक अभ्यास' म्हणतेस, तर तुलना कशाची? उत्क्रांती सांगते की सजीव कसे बदलत गेले. निर्मितीवादातले काहीजण सांगतात की ते का आहेत. काहीजण मात्र 'कसे'चंही उत्तर देतात, पृथ्वीचं वय सांगतात, जलप्रलयाने खडक झाले म्हणतात. या दुसऱ्यांचं विधान तपासता येतं. पहिल्यांचं तुझ्या कामाच्या कक्षेतच येत नाही. दोघांना एका दावणीला बांधलंस म्हणून तक्ता फाटला.

कोरीपाटी
मास्तर, दंडवत. मॅडम 'तुला तपासायचंय काय?' असं दर भेटीत विचारायच्या, आणि मी दर वेळी नवी पुस्तकं दाखवायचे.

शंकासुर
मला एक कुणीतरी समजावून सांगा. माकडापासून माणूस झाला तर माकडं अजून का आहेत?

तिरकस
आला! मी वाटच बघत होतो. तिसऱ्या प्रतिसादाला यायला हवा होता, यंदा सहावा.

रानजाई
शंकासुर, खोचक उत्तर द्यायचा मोह आवरते. मराठी हिंदीपासून झाली का? नाही. गुजराती झाली म्हणून मराठी संपली का? तेही नाही. मागे एक बोली होती, ती बोलणारी माणसं पांगली, जिथे गेली तिथे उच्चार बदलले, आणि काही शतकांनी एकमेकांचं बोलणं कळेनासं झालं. जुनी बोली आता कुणीच बोलत नाही, तिच्या लेकी आहेत. माणूस आणि चिंपांझी तसे आहेत. आजच्या चिंपांझीपासून माणूस झाला असं जीवशास्त्रात कुणी म्हणतच नाही.

आणखी एक. अमुक दिवशी सकाळी प्राकृत झोपली आणि संध्याकाळी मराठी उठली, असं झालं नाही. कुठल्याच आईला आपलं मूल परकी भाषा बोलतंय असं वाटलं नाही.

शंकासुर
हे पटण्यासारखं आहे. पण मग पिल्टडाउन? माकड आणि माणूस यांच्या मधला दुवा म्हणून ४० वर्षं शास्त्रज्ञ बनावट कवटी छातीशी धरून बसले होते की!

जीवाश्मवेडी
बसले होते, खरं आहे. १९१२ ला सापडली, १९५३ ला बनावट ठरली. ठरवली कुणी? शास्त्रज्ञांनीच, हाडांची रासायनिक तपासणी करून. आणि त्याआधीच ती कवटी इतर सापळ्यांच्या रांगेत बसत नसल्यामुळे अडगळीत पडत चालली होती.

बरं, उलट बाजूचं उदाहरण घ्या. मासे आणि चार पायांचे प्राणी यांच्या मधला जीव हवा तर साधारण ३७ ते ३८ कोटी वर्षांपूर्वीच्या, नदीकाठच्या गाळाच्या खडकात शोधायला हवा, असा हिशोब जीवाश्मशास्त्रज्ञ नील शुबिन आणि सहकाऱ्यांनी आधी मांडला. नकाशे काढून तसे खडक कुठे उघडे पडलेत ते बघितलं आणि कॅनडाच्या पार उत्तरेला एल्समिअर बेटावर जायला लागले. काही उन्हाळे हात हलवत परतले. २००४ मध्ये टिक्टालिक सापडला. खवले आणि कल्ले माशाचे, पण मान वळते आणि पोहायच्या परांमध्ये मनगटासारखी हाडं! कुठे खणायचं हे आधी सांगून मग सापडणं, मला यात सगळ्यात मजा वाटते. (हो, माझं नाव सार्थ आहे.)

सांजवात
मी ख्रिस्ती आहे, दर रविवारी चर्चला जाते आणि शाळेत जीवशास्त्र शिकवते. असे धागे निघाले की 'ख्रिस्ती म्हणजे निर्मितीवादी' असं हळूच गृहीत धरलं जातं, म्हणून लिहिते. कॅथलिक चर्चने १९५० मध्येच उत्क्रांतीवर संशोधन आणि चर्चा करायला हरकत नाही म्हटलं होतं. १९९६ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी ती निव्वळ परिकल्पना राहिलेली नाही असं सांगितलं. डॉबझॅन्स्की, ज्यांनी आनुवंशशास्त्र आणि डार्विन यांची सांगड घातली, ते स्वतः श्रद्धावान होते.

कोरीपाटी, शीर्षकातला 'विरुद्ध' माझ्यासारखीला दोन्हीकडून घराबाहेर काढतो. त्या समासात लिहिणाऱ्या बाई मी नव्हे, पण असू शकले असते.

कोरीपाटी
सांजवात ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. हा मुद्दा माझ्या प्रकरणात आहे, पण तळटीपेत ढकललाय. वर आणते.

यावरून आठवलं. डार्विनच्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' या ग्रंथाची पहिली आवृत्ती १८५९ ची. तिच्या शेवटच्या वाक्यात जीवनशक्ती आरंभी थोड्या किंवा एकाच रूपात 'फुंकली गेली' असं आहे, कुणी ते नाही. १८६० च्या दुसऱ्या आवृत्तीत तिथे 'निर्मात्याने' आला. पुढे १८६३ मध्ये डार्विनने मित्राला, हूकरला, पत्रात लिहिलं की लोकमतापुढे वाकून तो शब्द वापरल्याचा मला पश्चात्ताप होतोय. तरी शब्द नंतरच्या आवृत्त्यांत राहिलाच. मी दोन्ही आवृत्त्यांची ती पानं शेजारी शेजारी ठेवून बघत बसले होते. एका शब्दाचा फरक.

शब्दवेल्हाळ
शब्दांवर आलाच आहात तर. पहिल्या आवृत्तीत 'इव्होल्यूशन' हा शब्दच नाही. ग्रंथाचा शेवटचा शब्द तेवढा त्या धातूचा. 'इव्होल्यूशन' आला १८७२ च्या सहाव्या आवृत्तीत.

आता आपलं 'उत्क्रांती' बघा. 'उत्' म्हणजे वर. म्हणजे शब्दातच शिडी लावून ठेवली. अमीबा खालच्या पायरीवर, माणूस गच्चीत. प्रत्यक्षात नैसर्गिक निवडीला वर-खाली कळत नाही. गुहेतल्या माशाचे डोळे जातात तीही उत्क्रांतीच. संस्कृतात तर 'उत्क्रांती'चा जुना अर्थ प्राण देहातून निघून जाणं. गीतेच्या पंधराव्या अध्यायातलं 'उत्क्रामन्तं' आठवा, देह सोडून जाणारा! हिंदीवाले 'क्रमविकास' म्हणतात. त्यातही विकास आहेच, म्हणजे तेही शिडीवरच.

दुसरं, मॅडमनी 'वाद'खाली रेघा का मारल्या ते मला कळलं असं वाटतं. निर्मितीवाद, उत्क्रांतीवाद, समाजवाद, अद्वैतवाद. 'वाद' लावला की दोन्ही एका पंगतीला बसतात, ज्याला जो पटेल तो त्याने घ्यावा. 'उत्क्रांतीचा सिद्धांत' म्हणा.

मधलामार्ग
पण सिद्धांत म्हणजे तरी काय, थिअरीच ना? 'नुसती थिअरी आहे' हाच तर त्यांचा आक्षेप असतो.

शब्दवेल्हाळ
इथेच मराठी आपल्याला वाचवते! इंग्रजीत 'थिअरी' म्हणजे चहाटळ गप्पांमधला तर्कही असतो. म्हणून अमेरिकेत, जॉर्जियाच्या कॉब काउंटीत, २००२ मध्ये जीवशास्त्राच्या पुस्तकांवर चिकटपट्ट्या लावल्या, की उत्क्रांती ही थिअरी आहे, तथ्य नव्हे. जानेवारी २००५ मध्ये न्यायालयाने त्या काढायला लावल्या. हेच मराठीत म्हणून बघा : 'हा नुसता सिद्धांत आहे हो!' सिद्ध + अंत. वाक्य स्वतःच्याच पायात पाय अडकून पडतं.

तिरकस
म्हणून तो आक्षेप मराठीत इंग्रजी शब्द घालूनच घ्यावा लागतो. 'नुसती थिअरी आहे यार.' खिक्.

निवृत्तमास्तर
शब्दवेल्हाळ, सुंदर. फक्त एक सावधगिरी. मराठीत 'सिद्धांत' जरा जास्तच पक्का वाटतो. विज्ञानातला सिद्धांत दुरुस्त होतो. डार्विनला आनुवंशिकता कशी चालते ते माहीत नव्हतं, मेंडेलचा त्यावरचा निबंध १८६६ ला छापून धूळ खात पडला होता. भौतिकशास्त्रज्ञ केल्व्हिनने पृथ्वीचं वय इतकं कमी काढलं की डार्विन हवालदिल झाला. किरणोत्सर्गाचा शोध लागल्यावर हिशोब बदलला, आज वय साधारण ४५४ कोटी वर्षं धरतात. हे अडथळे प्रकल्पात असू देत. 'दोन्ही बाजू'पेक्षा ते जास्त उपयोगी.

पोथीवाला
उशिरा आलो. मी हस्तलिखितांत काम करतो, जीवशास्त्रातलं ओ का ठो कळत नाही. पण एक सांगतो. एकाच ग्रंथाच्या वीस पोथ्या समोर आल्या की कुठली कुठल्यावरून उतरवली हे कसं ठरवतात? बरोबर मजकूर सगळ्यांत सारखाच असणार, त्यावरून काही कळत नाही. आम्ही चुका बघतो. सात पोथ्यांत एकच ओळ एकाच ठिकाणी गळलेली असेल, तर सात लेखनिकांना स्वतंत्रपणे तिथेच डुलकी लागली असं कुणी मानत नाही. ती ओळ त्यांच्या मूळ प्रतीतच गळली होती. असं काही सजीवांत दिसतं का?

रानजाई
काका, हे जीवशास्त्राच्या वर्गात सांगायला या! अगदी हेच दिसतं. क जीवनसत्त्व शरीरात तयार करायला जे विकर (एन्झाइम) लागतं त्याचं जनुक बहुतेक सस्तन प्राण्यांत धड असतं. माणसात ते आहे, पण मोडकं. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांच्यातही मोडकंच. गळलेली ओळ! गिनीपिगमध्येही ते मोडलंय, पण मोडतोड वेगळी. म्हणजे तो दुसऱ्या घराण्यातला लेखनिक, त्याची डुलकी वेगळी.

पोथीवाला
झालं तर मग. आमच्याकडे याला पुरावा म्हणतात.

शंकासुर
हे मात्र नवीन होतं. पण निर्मात्याने तोच आराखडा वापरला असेल, हे म्हणता येतंच की.

पोथीवाला
आराखडा वापरला म्हणा, चालेल. पण गळलेली ओळसुद्धा तशीच उतरवली, तर त्याला रचनाकार म्हणायचं की नक्कलकार?

कोरीपाटी
काका, तुम्ही माझ्या सगळ्यात आवडत्या प्रकरणावर आणून सोडलंत. आता जरा लांब लिहिते.

अमेरिकेतल्या खटल्यांचा क्रम लावताना मला एक गंमत दिसली. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्क्रांती शिकवायला बंदी घालणारा आर्कान्साचा कायदा रद्द केला. मग मागणी बदलली, बंदी नको, दोन्ही सारखा वेळ शिकवा. म्हणजे माझा तक्ताच! १९८७ मध्ये लुइझियानाचा तसा कायदाही ७ विरुद्ध २ मतांनी गेला. त्यानंतर 'निर्मिती' शब्द मागे पडला आणि 'बुद्धिमान रचना' (इंटेलिजंट डिझाइन) पुढे आली. मुद्दे बरेचसे तेच.

डिसेंबर २००४ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर शाळामंडळावर पालकांनी खटला भरला. मंडळाने विद्यार्थ्यांना 'रचने'वरचं एक पाठ्यपुस्तक सुचवलं होतं. त्या पुस्तकाचे जुने मसुदे न्यायालयात मागवले गेले. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापक बार्बरा फॉरेस्ट यांनी साक्षीत दाखवलं की १९८७ च्या निकालापर्यंतच्या मसुद्यांत 'क्रिएशनिस्ट्स' (निर्मितीवादी), नंतरच्या मसुद्यात त्याच वाक्यात 'डिझाइन प्रपोनन्ट्स' (रचनेचे पुरस्कर्ते). आणि मधल्या एका मसुद्यात कुणीतरी घाईत शब्द बदलताना अर्धा जुना तसाच राहिला : 'सीडिझाइन प्रपोनन्टसिस्ट्स'. पुढे 'क्रिएशनिस्ट्स'चा 'सी', मागे त्याचंच शेपूट, मध्ये नवा शब्द कोंबलेला. मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा माझ्या प्रतीतच छपाईची चूक आहे समजून पान बदलून पाहिलं.

न्यायमूर्ती जोन्स यांनी २० डिसेंबर २००५ ला १३९ पानी निकाल दिला, की ही 'रचना' म्हणजे विज्ञान नव्हे, निर्मितीवादाचंच पुढचं रूप आहे. पुढे २०१५ च्या अखेरीस संशोधक निक मॅट्झ्के यांनी उत्क्रांतीविरोधी विधेयकांच्या मसुद्यांची वंशावळच मांडली, जीवशास्त्रज्ञ प्रजातींची मांडतात त्याच पद्धतीने. कुठलं विधेयक कुठल्यावरून उतरवलं ते त्यातून दिसतं.

जीवाश्मवेडी
म्हणजे मासा आणि चतुष्पाद यांच्या मधला जीव सापडला, तसा 'निर्मिती' आणि 'रचना' यांच्या मधला शब्द सापडला!! टिक्टालिकपेक्षा भारी.

तिरकस
निवडीचा दाब : न्यायालय. उत्परिवर्तन : शोधा आणि बदला. टिकलेला वंशज : अजून चालू.

मधलामार्ग
माझा पहिला सल्ला मागे घेतो. 'दोन्ही बाजू' काढा. हे प्रकरण पुढे आणा. बाहेरचे परीक्षक 'एकांगी' म्हणाले तर त्यांना तो शब्द मोठ्याने वाचायला सांगा.

सांजवात
सहमत. फक्त लिहिताना मधला एक धागा सोडू नका. आजचा 'तरुण पृथ्वी'वाला निर्मितीवाद पुराणा नाही. १९६१ च्या सुमारास जलप्रलयाचं भूशास्त्र मांडणाऱ्या पुस्तकाने त्याला पुन्हा जोर आला. आर्चबिशप अशरने १६५० मध्ये जगाचा आरंभ इ. स. पू. ४००४ ला धरला, पण तो त्या काळच्या इतिहासपद्धतीने, मान मोडून काम करणारा विद्वान होता. त्याची टिंगल करून पुढे जाणं मला बरं वाटत नाही.

कोरीपाटी
अशरला टिंगलीतून बाहेर काढते, नक्की. माझ्या मसुद्यात त्याच्यावर एक फालतू विनोद आहे तो आत्ताच खोडला.

शंकासुर
मग शीर्षक काय ठरलं? सगळे मूळ प्रश्न विसरलेत वाटतं.

निवृत्तमास्तर
शाबास शंकासुर. वर्गात मागच्या बाकावरचाच मुलगा घड्याळाकडे बघत असतो.

शब्दवेल्हाळ
'विरुद्ध' नको, दुसरा 'वाद' नको, 'तुलनात्मक' नको. उरलं काय? 'निर्मितीवादाची उत्क्रांती'. शिडीचा दोष आहेच, पण इथे शोभतो.

तिरकस
+१. तीन शब्द फुकट गेले म्हणून शुल्क परत मागा.

कोरीपाटी (चार दिवसांनी)
फॉर्म भरला. 'निर्मितीवादाची उत्क्रांती : उत्क्रांतीविरोधी मांडणीतील शब्दबदल, १९२५ ते २००५'. 'दोन्ही बाजू' काढलं. प्रश्नावलीचे निष्कर्ष नाहीत, पण समासातल्या त्या दोन ओळी परवानगी घेऊन प्रस्तावनेत घेतल्या.

मॅडमनी शीर्षक वाचलं, 'विरुद्ध' गेला म्हणून मान हलवली आणि तरीही लाल पेन काढलं. मी 'निर्मीती' लिहिलं होतं, दीर्घ मी. घरी येऊन सगळे मसुदे उघडले. पहिल्या आराखड्यापासून अकराव्या मसुद्यापर्यंत प्रत्येक पानाच्या माथ्यावर 'निर्मीती'च. पोथीवाले काका, वंशावळ लावायची असेल तर फाइली पाठवते.

पोथीवाला
पाठवा. पण दुरुस्त करायच्या आधी.